काळसर मादुरो सिगारची पारख नेमकी कशावरून करावी?

नदीकाठचा_वऱ्हाडी

नमस्कार. मी मूळचा अमरावतीचा, गेली ९ वर्षे अमेरिकेत कनेक्टिकट राज्यात हार्टफर्डजवळ राहतो. माझ्या रोजच्या रस्त्यावर विंडसरच्या बाजूला तंबाखूची शेते लागतात आणि ऑगस्ट उलटला की भिंतींच्या उभ्या फळ्या किलकिल्या केलेल्या लांबलचक लाकडी कोठारांमध्ये वाळत टांगलेली पाने गाडीतूनही दिसतात. कापडाच्या मांडवाखाली वाढवलेले फिक्या रंगाचे ‘शेड’ पान आणि उघड्या उन्हात वाढवलेले जाड, रुंद ‘ब्रॉडलीफ’ पान ही दोन्ही याच कनेक्टिकट नदीच्या खोऱ्याची पिके आहेत, हे मला तिथल्या नॉर्थवेस्ट पार्कमधल्या लहानशा तंबाखू संग्रहालयात कळले. काळसर मादुरो सिगारीला बाहेरून गुंडाळतात ते पान पुष्कळदा हेच ब्रॉडलीफ असते, म्हणून ‘आपल्या गावचे पान’ अशा काहीशा भाबड्या अभिमानाने मी ५ सिगारींचा एक पुडा विकत घेतला. लांबी ५ इंच, जाडी ५० रिंग (एक रिंग म्हणजे इंचाचा ६४ वा भाग).

त्यांतल्या ३ ओढून झाल्या आहेत आणि तिन्ही वेळा मी गोंधळलो आहे. पहिली घराच्या मागच्या ओट्यावर वारा सुटलेला असताना ओढली, ती ३५ मिनिटांत संपली, आणि शेवटी तर ओठांना डांबरासारखा कडू थेंब लागला. दुसरी एकाच बाजूने जळत गेली, होडीसारखी कोरली गेली आणि तीनदा पेटवावी लागली. तिसरी सरळ जळली, पण चव म्हणाल तर ‘जळके’ याच्या पलीकडे मला एकही शब्द सुचला नाही. दुकानदार चॉकलेट, एस्प्रेसो, कातडे आणि मनुका अशी यादी एका दमात म्हणून दाखवतो. मला यातले काहीही लागले नाही.

आणखी एक शंका आहे. ओल्या पांढऱ्या टिश्यूने सिगार हलकेच पुसली, तर टिश्यूवर तपकिरी डाग पडला. हा काळेपणा पानाचा स्वतःचा आहे की चढवलेला, हे कसे ओळखावे? आणि एखादी मादुरो चांगली किंवा सुमार आहे असे म्हणताना जाणकार मंडळी नेमके काय तपासतात? दोष सिगारीचा आहे, माझ्या ओढण्याचा आहे की माझ्या जिभेचा, एवढे कळले तरी पुरे.

वखारवाला

वऱ्हाडीबुवा, रंगापासून सुरुवात करतो, कारण मादुरोबद्दलचे निम्मे गैरसमज रंगातूनच निघतात. मी निपाणीचा. आमचा घरचा धंदा विडीच्या तंबाखूचा होता आणि लहानपणी वखारीत नवा माल आला की नाकाला झोंबणारा जो वास सुटायचा, तो अजून माझ्या डोक्यात आहे. सिगारीचे पान वेगळे, त्यावरची मेहनतही वेगळी, पण झाडाचा स्वभाव तोच.

‘मादुरो’ या स्पॅनिश शब्दाचा अर्थ पिकलेला, मुरलेला. रंगापेक्षा प्रक्रियेकडे लक्ष वेधणारे हे नाव आहे. आपल्याकडे तंबाखूचा शेंडा खुडतात आणि फुटवे काढतात, म्हणजे झाडाचा सगळा जोर पानात उतरतो. ब्रॉडलीफलाही तेच करतात आणि पान उन्हात जाड, तेलकट होऊ देतात. तुमच्या खोऱ्यात शेडची पाने खालून वर एकेक करून खुडतात, तर ब्रॉडलीफचे अख्खे झाड बुंध्यापाशी तोडून, लाकडी काठीत ओवून कोठारात उलटे टांगतात. वाळल्यानंतर पानांचे मोठाले ढीग रचले जातात. स्पॅनिशमध्ये त्यांना ‘पिलोन’ म्हणतात. ढिगाच्या पोटात स्वतःच्याच उबेने तापमान चढत जाते, ठरावीक मर्यादेला पोचले की ढीग मोडून आतली पाने बाहेर आणि बाहेरची आत अशी पुन्हा रचणी होते, आणि हे अनेकदा करावे लागते. मादुरोसाठी ही ऊब अधिक काळ आणि अधिक वर, ६० अंश सेल्सिअसच्या आसपास, जाऊ देतात. फिके नाजूक पान एवढ्या तापात फाटून जाईल. म्हणूनच मादुरोला मुळात जाड पान लागते : तुमचे ब्रॉडलीफ, मेक्सिकोत व्हेराक्रूझ राज्यातल्या सान आंद्रेसच्या ज्वालामुखी मातीतले पान, किंवा ब्राझीलमधले माता फिना आणि आरापिराका. या मुरण्यात अमोनिया उडून जातो आणि रंग गडद होतो. लहानपणीचा तो झोंबणारा वास याच अमोनियाचा होता, हे मला फार उशिरा समजले. सिगार पेटवण्याआधीच नाकात तशी झिणझिणी आली, तर पान पुरते मुरलेले नाही असे खुशाल समजा.

आता तुमच्या टिश्यूबद्दल. घाई करणारे उत्पादक पान वाफेवर शिजवतात किंवा त्याला रंगही लावतात, हे खरे आहे. परंतु नुसत्या तपकिरी डागावरून निवाडा करू नका, कारण चांगल्या मुरलेल्या तेलकट पानाचाही थोडा अंश ओल्या कागदावर उतरतोच. डाग शाईसारखा काळा पडला, ओठ आणि बोटे काळवंडली, तर मात्र संशय घ्या. मी स्वतः डागापेक्षा रंगाचा एकसारखेपणा पाहतो. खऱ्या पानावर शिरा थोड्या अधिक गडद असतात, मधेच विटकरी झाक असते, कुठे काळा ठिपका असतो. बूट पॉलिश केल्यासारखी टोकापासून टोकापर्यंत एकच काळी छटा दिसली की मी ती सिगार ठेवून देतो. बोटाने चाचपलेत तर ब्रॉडलीफवर बारीक दाणे लागतील. पानातले तेल तिथे साठलेले असते आणि सिगार जळल्यावर तेच दाणे राखेवर पांढऱ्या ठिपक्यांच्या रूपाने दिसतात. पुढच्या वेळी राख झटकण्यापूर्वी उजेडात धरून पाहा.

काळी म्हणजे कडक, हा समज तर डोक्यातून काढूनच टाका. निकोटिनचा जोर मुख्यतः आतल्या फिलरमधून, म्हणजे भरणातून येतो, त्यातही झाडाच्या वरच्या भागातल्या ‘लिखेरो’ पानांतून. गोरीपान दिसणारी सिगार घाम फोडू शकते आणि काळीकुट्ट सिगार अगदी मवाळ निघू शकते.

सावकाश_ओढा

वखारवाल्यांनी पानाचे सांगितले, मी ओढण्याचे सांगतो. वऱ्हाडी, तुमच्या तिन्ही सिगारींचे वर्णन वाचून मला तरी दोष निम्म्याहून अधिक ओलाव्याचा आणि घाईचा वाटतो. तुम्ही त्या कशात ठेवल्या होत्या, हे लिहिलेले नाही. दुकानांतून सहसा ७० टक्के किंवा त्याहून अधिक आर्द्रतेवर माल ठेवतात. मादुरोचे जाड पान ओलावा हळू घेते आणि हळूच सोडते, त्यामुळे दुकानातून आणल्या दिवशी ओढलेली सिगार वाकडी जळणे, विझणे आणि शेवटी डांबर सोडणे यात नवल काही नाही. उरलेल्या २ सिगारी घट्ट झाकणाच्या डब्यात ६५ टक्क्यांच्या आर्द्रता-पाकिटासोबत किमान ३ आठवडे राहू द्या. मगच त्यांच्यावर मत बनवा.

पारख पेटवण्यापूर्वीच सुरू होते. दोन बोटांत धरून सिगार लांबीभर हळूच दाबत जा. कुठे गाठ लागली तर तिथे ओढ अडणार, कुठे पोकळ लागली तर तिथे ती तापून जळणार. नंतर टोपीचा, म्हणजे तोंडात धरायच्या बंद टोकावर चिकटवलेल्या पानाच्या तुकड्याचा, वरचा जेमतेम २ मिलिमीटरचा भाग कापा. टोपी संपते त्या रेषेच्या खाली पाते गेले की वरचे पान सुटायला लागते आणि मग अर्धा तास ते चिकटवण्यातच जातो. कापल्यावर न पेटवता दोन-तीनदा हवा ओढा. ही कोरडी ओढ फार बोलकी असते आणि लोक नेमकी तीच गाळतात. मला मादुरोच्या कोरड्या ओढीत बहुधा न गोडवलेल्या कोकोचा आणि गोठ्यातल्या वाळक्या गवताचा वास येतो. ओढताना गालफडे आत जात असतील तर भरण घट्ट झाले आहे.

पेटवताना ज्योत सिगारीला टेकवू नका. टोक ज्योतीच्या वर धरून फिरवत राहा, कडा सगळीकडून राखाडी झाली की मगच पहिला झुरका घ्या. जाड पान पेट घ्यायला वेळ लावते आणि आतले फिलर मात्र चटकन पेटते. तुमची दुसरी सिगार होडीसारखी कोरली गेली, त्यात या घाईचा वाटा असणारच. पुढे मिनिटाला एक झुरका पुरे. ५ इंच आणि ५० रिंगची, म्हणजे सुमारे २० मिलिमीटर व्यासाची सिगार तासभर चालायला हवी. ती ३५ मिनिटांत संपली याचा अर्थ वाऱ्याने आणि तुम्ही मिळून ती भट्टीसारखी पेटवली. सिगार तापली की आतली तेले करपतात, धूर थंड होताना चिकट कडू द्रव तोंडाच्या बाजूला साठतो, आणि तुमच्या ओठांना लागला तो तोच. मधूनच एकदा ओढण्याऐवजी सिगारीतून हळूच बाहेर फुंकर मारली, तर साचलेला शिळा धूर निघून जातो. एवढ्याने पुष्कळदा चव पुन्हा जागेवर येते.

धूर छातीत घ्यायचा नाही, हे माहीत असेलच. तरी त्यामागचे कारण लिहितो. सिगारीचा धूर सिगारेटच्या धुरापेक्षा अल्कधर्मी असतो, त्यामुळे निकोटिन तोंडाच्या अस्तरातूनच रक्तात जाते. ‘मी आत ओढत नाही, म्हणजे मला काही होत नाही’ ही स्वतःची समजूत त्यामुळे फसवी आहे : तोंड, घसा आणि अन्ननलिका यांच्या कर्करोगाचा धोका छातीत न घेतलेल्या धुरातूनही असतो आणि एका मोठ्या सिगारीतली तंबाखू सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाएवढी भरू शकते. मी महिन्याला एक ओढतो, तीही जेवणानंतर. रिकाम्या पोटी ओढून एकदा चक्कर आली होती, तेव्हा गुळाच्या खड्याने आणि पाण्याने सावरलो.

आता प्रत्यक्ष मूल्यमापन. मी सिगारीचे तीन भाग करतो आणि प्रत्येक भागात फक्त एक प्रश्न विचारतो : मागच्या भागापेक्षा काय बदलले? पहिल्या भागात मादुरोची मिरी आणि माती पुढे असतात. मधल्या भागात वरचे पान आणि आतले भरण यांचा मेळ बसतो किंवा बसत नाही, आणि माझ्या मते सिगारीची खरी परीक्षा इथेच होते. शेवटच्या भागात सगळेच थोडे कडक होते; त्यासाठी गुण कापणे अन्यायाचे आहे. पहिल्या झुरक्यापासून शेवटपर्यंत एकच करपट गोडवा लागत राहिला, तर बाहेरचे पान सुंदर असूनही आत सांगण्याजोगे काही नाही. स्वस्त मादुरोंत हे सर्रास आढळते : गडद पान वापरून सुमार भरण झाकले जाते.

एक सल्ला आग्रहाने देतो. आतले मिश्रण तेच आणि बाहेरचे पान वेगळे, अशा दोन सिगारी शेजारी ठेवून ओढा. पाद्रोन कंपनीची, निकाराग्वात बनणारी, १९६४ या वर्षाचे नाव असलेली मालिका फिक्या ‘नॅचरल’ आणि गडद मादुरो अशा दोन्ही पानांत मिळते. ती महाग आहे, परंतु पान म्हणजे काय हे तिच्याइतके स्वच्छ मला दुसऱ्या कशाने कळले नाही. शक्य असेल तर दुसऱ्या कोणाला सिगारीवरची नावाची कागदी पट्टी काढून द्यायला सांगा.

गोडा_मसाला

मी सिगार ओढत नाही आणि घरात ओढूही देत नाही, पण व्यवसायाने कॉफीची चव तपासते, म्हणून वऱ्हाडींच्या तिसऱ्या प्रश्नाला उत्तर देण्याचा मोह आवरत नाही. तुमच्या जिभेत बहुधा काहीही दोष नाही. तुम्ही चव जिभेवर शोधत आहात आणि ती नाकात आहे. जिभेला गोड, खारट, आंबट, कडू असे ढोबळच कळते. बाकी सारे घशामागून नाकात चढणाऱ्या वासाचे काम असते. नाक चिमटीत धरून कॉफीचा घोट घ्या, फक्त कडू पाणी लागेल. चिमटी सोडा, कॉफी परत येईल. धुराचेही हेच. सिगारीच्या पानात वाळतानाच साखर जवळजवळ संपलेली असते, त्यामुळे मादुरोचा गोडवा साखरेचा नसून वासातून भासणारा गोडवा आहे. तोंडातल्या धुराचा थोडासा भाग, छातीत न घेता, नाकावाटे सोडून पाहा. सुरुवातीला ठसका लागेल, डोळ्यांत पाणी येईल. पाच-सहा झुरक्यांतून एकदा केलेत तरी पुरे.

दुसरे म्हणजे, दुकानदाराचे शब्द टाकून द्या. ‘कातडे’ हा वास अमरावतीत वाढलेल्या माणसाने कुठे आणि कशासाठी लक्षात ठेवायचा? आपल्या स्वयंपाकघरात गडद, भाजक्या वासांचा साठा भरपूर आहे : काकवी, खारीक, सुंठ, काळी मिरी, भाजलेले डाळे, कात, कढईत काळा होत आलेला सुका नारळ. काळा मसाला करताना दगडफूल तेलात परतले की जो मातकट, लाकडासारखा वास येतो, त्याला परदेशी चाखणारे बहुधा ‘अर्थ’ (माती) आणि ‘वुड’ (लाकूड) असे दोन वेगळे इंग्रजी शब्द वापरतील; मला एक पुरतो. यातल्या चार-पाच वस्तू छोट्या वाट्यांत घेऊन, सिगार पेटवण्याच्या तासभर आधी, डोळे मिटून हुंगा. आम्ही नवीन मुलांना कॉफी शिकवताना हेच करतो. शब्द आधी मेंदूत असावा लागतो, मगच नाक तो उचलते. आणि त्या दिवशी सोबत काळी कॉफी नको. साधे पाणी घ्या, नाहीतर सिगारीत कॉफी सापडली म्हणून उगाच हरखून जाल.

भरतीची_लाट

मुंबईहून एक पुरवणी जोडतो. इथे पावसाळ्यात हवेतलाच ओलावा ८५ टक्क्यांच्या वर असतो, त्यामुळे सिगार उघडी राहिली तर आतले भरण फुगते आणि बाहेरचे पान उभे तडकते. मादुरोचे जाड पान बाकीच्यांपेक्षा थोडा अधिक तग धरते, एवढेच. त्याहून मोठा शत्रू उष्णता आहे. तापमान २५ अंशांच्या वर रेंगाळले की तंबाखूतला किडा अंड्यातून बाहेर येतो आणि पानाला टाचणीच्या टोकाएवढी गोल भोके पाडतो. गडद पानावर ती पटकन दिसतही नाहीत. माझ्या एका डब्यातल्या ७ सिगारी अशा गेल्या. आता नवीन आलेली प्रत्येक सिगार हवाबंद पिशवीत घालून आधी ३ दिवस फ्रीजरमध्ये, मग १ दिवस खाली फ्रीजमध्ये, आणि त्यानंतरच डब्यात. थेट फ्रीजरमधून उन्हाळ्यात काढली तर तीही तडकते.

नदीकाठचा_वऱ्हाडी

सर्वांचे मनापासून आभार. साडेतीन आठवडे गेल्यावर अहवाल देत आहे.

पाद्रोनच्या दोन्ही सिगारी आणल्या, त्याच मालिकेतल्या, एकाच आकाराच्या, चौकोनी दाबलेल्या. १८ दिवस डब्यात ठेवल्या. बायकोने पट्ट्या काढून दिल्या खऱ्या, पण रंग दिसतच होता, म्हणून काळोख पडल्यावर ओट्यावरचा दिवा मालवून दोन्ही पेटवल्या. तिने पहिली कोणती हे न सांगता एक एक हातात दिली. या वेळी वारा नव्हता. गोडा_मसाला यांच्या सूचनेप्रमाणे संध्याकाळी काकवी, खारीक, मिरी, डाळे आणि दगडफूल हुंगून घेतले होते. काकवी इथल्या भारतीय दुकानात मिळाली नाही, म्हणून गूळ पातळ करून चालवून घेतला.

एकाआड एक झुरका घेत गेलो. पहिली दहा मिनिटे मला फरक सांगता आला नाही, हे प्रामाणिकपणे लिहितो. मग नाकावाटे धूर सोडला, सणकून शिंकलो, आणि दुसऱ्यांदा सोडल्यावर एका सिगारीत भाजलेल्या डाळ्यांचा कोरडा वास आणि नाकात चढणारी मिरी स्पष्ट मिळाली, तर दुसरीत तीच मिरी होती पण कशाने तरी गुंडाळल्यासारखी, मागे सरकलेली, आणि तिच्या पुढे खारकेचा वास. जोर मला दोन्हींत सारखाच लागला. खारकेची सिगार मादुरो असणार असे मी म्हणालो आणि ते बरोबर निघाले. तीच अर्ध्यावर आल्यावर गूळ करपल्याचा वास आला, कडवटपणा मात्र नव्हता. तिला तासाला १० मिनिटे कमी लागली. वाकडी एकदा झाली, काहीही न करता थांबलो तर आपोआप सरळ झाली. चॉकलेट अजूनही सापडलेले नाही.

दिवा लावून राखही पाहिली. दाणे फारसे दिसले नाहीत, मग ध्यानात आले की हे पान निकाराग्वाचे, ब्रॉडलीफ नव्हे. म्हणून काल जुन्या पुड्यातली चौथी सिगार काढली. तीन आठवड्यांच्या विश्रांतीनंतर ती सरळ जळली, ओठांना डांबर लागले नाही, आणि बोटभर लांब राखेवर वखारवाले म्हणतात तसे पांढरे ठिपके उमटले, साबुदाण्याच्या चुऱ्यासारखे. चव पहिल्या भागात दगडफुलाची, किंचित काताची. त्यापुढे ४० मिनिटे तीच. काही बदलले का, हा सावकाश_ओढा यांचा प्रश्न मी दोनदा विचारला आणि दोन्ही वेळा उत्तर नाही असेच आले. म्हणजे पान माझ्या गावचे आणि खरे आहे, मुरलेलेही आहे. आतले भरण सुमार आहे. पाचवी सिगार डब्यात ठेवली आहे, ती हिवाळ्यानंतर काढेन.